टाकी मात्र ठणठणीत आहे

आमचा गीझर गेला तेव्हा चार वर्षं नऊ दिवसांचा होता. हिशेब पाठ आहे, कारण वॉरंटी कार्डावर लिहिलं होतं: संपूर्ण गीझर २ वर्षं, एलिमेंट ४ वर्षं, टाकी ७ वर्षं. गीझरने ते कार्ड वाचलं असणार. इतकं वक्तशीर आमच्या घरात दुसरं कोणी नाही.

लक्षणं आधीपासून होती म्हणा. २५ लिटर पाणी २ किलोवॅटच्या एलिमेंटवर चाळीस अंशांनी तापायला पस्तीसेक मिनिटं पुरतात; आमच्याकडे तास लागू लागला. आतून फोडणी तडतडल्यासारखा आवाज यायचा. "जोरात तापतंय," असं मी घरच्यांना सांगायचो. मग एका सकाळी माझ्या डोक्याला शाम्पूचा फेस असताना ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला आणि सगळं घर अंधारात गेलं. वर केला की पुन्हा पडे. गीझरचा स्विच बंद ठेवला की गुपचूप राही. रोगी कोण, ते कळलं.

कस्टमर केअरला तिसऱ्यांदा पत्ता सांगून झाल्यावर पलीकडची मुलगी मनापासून हळहळली. "सर, टाकी फुटली असती ना, तर फ्री बदलून दिली असती."

"टाकी चांगली आहे हो."

"तोच प्रॉब्लेम आहे सर."

मेकॅनिक आला. मला आल्या आल्या "काका" म्हणाला, तिथेच आमचं बिनसलं. पाणी काढून त्याने एलिमेंट ओढून बाहेर घेतलं. तांब्याची नळी असेल असं मला वाटलं होतं, निघालं चुन्यात लोळून आलेलं काहीतरी. क्षारांचा थर अर्ध्या बोटाएवढा. त्या थरातून उष्णता पाण्यात जाईना, नळी आतल्या आत तापत राहिली आणि चिरली. चिरेतून पाणी आत, करंट बाहेर. बिचाऱ्या ईएलसीबीला मी आठवडाभर शिव्या दिल्या, आणि तो मला वाचवत होता.

"रॉड कधी बदलला?"

"कुठला रॉड?"

त्याने माझ्याकडे पाहिलं ते लहानपणी गणिताचे सर पाहायचे तसं. मग छत्रीच्या काडीसारखी एक तार दाखवली. हा म्हणे मॅग्नेशियमचा जाडजूड रॉड होता. टाकीचं पोलाद गंजू नये म्हणून तो स्वतः झिजत राहतो. दर वर्षी बघायचा असतो. इतका निःस्वार्थ जीव चार वर्षं माझ्या बाथरूममध्ये वाळत होता आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

"नऊ दिवस आधी गेला असता तर," मी शेवटचा उसासा टाकला. त्याने कार्ड उलटं करून मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं: क्षारांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मला एकदम हलकं वाटलं. नऊ दिवसांचं दुःख मी उगाचच करत होतो!

नवं एलिमेंट, नवा रॉड, पदरचे पैसे. चौथ्या दिवशी गीझरखालून टपटप सुरू झाली.

"टाकी!" ही आनंदाने ओरडली. मी कार्ड शोधायला धावलो. धापा टाकत मेकॅनिकला फोन लावला.

"पाणी तापल्यावरच गळतंय ना? मग सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तो, काका. पाणी तापलं की फुगतं, दाब वाढला की चार थेंब सोडतो. टाकी एकदम ठणठणीत आहे तुमची."

कार्ड परत कपाटात गेलं. खाली बादली लावली आहे.