पाऊस नाहीये, तुम्ही फक्त भिजलात

परवा तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात, डोक्यापासून चपलेपर्यंत निथळत उभा असताना, पाऊस पडत नसल्याचं मला पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवण्यात आलं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

प्रकार साधाच. चैत्र चाललाय. आमचा निफाडचा भाग, म्हणजे वावरात उन्हाळ कांदा. निम्म्याशिम्म्या माना पडल्या, म्हणजे कांदा काढणीला आला, हातापाया पडून बायांची टोळी मिळवली, कांदा उपटला आणि वाळायला पातीखाली झाकून वावरातच ठेवला. चारच्या सुमाराला चांदवडच्या डोंगरांकडून आभाळ काळं-निळं व्हायला लागलं. गेल्या वर्षीची ताडपत्री उंदरांनी चाळणी करून ठेवलेली. मारली गाडीला किक.

अर्ध्या वाटेत त्यानं मला गाठलंच. टपोरे थेंब, आडवा वारा, मध्येच हरभऱ्याएवढ्या दोन-चार गारा. दुकानात शिरलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला आणि खिशातल्या नोटांची घडी सुटेना.

ठिबकच्या नळ्या, दोऱ्या, मेनकापड आणि ताडपत्र्या असं सगळं तिथं मिळतं. मालकाचा हिशेब सरळ आहे. आभाळ नसताना ताडपत्रीचा भाव एक, आभाळ आल्यावर दुसरा, आणि गिऱ्हाईक ओलं असेल तर तिसरा. मी तिसऱ्या भावाची घासाघीस सुरू करणार, तेवढ्यात खताच्या गोण्यांच्या थप्पीवरून आवाज आला.

"काय भाऊ, गाडी धुवून आले का?"

थप्पीवर एक आप्पा बसले होते. पांढरी टोपी, गळ्यात दोरीला मोबाईल, मोबाईलला वायर, वायरीचं दुसरं टोक बंडीच्या खिशात कुठंतरी गेलेलं. विकत काही घ्यायचं नव्हतं त्यांना. प्रत्येक दुकानाला असा एक माणूस असतो, तो मालकाचा कोण लागतो हे शेवटपर्यंत कळत नाही.

"पाऊस लागला ना आप्पा," मी म्हटलं.

"पाऊस?" आप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. बोटाला थुंकी लावून पडदा सरकवला. "पाऊस नाहीये."

"अहो, मी भिजलोय."

"भिजले असाल. त्याला नाही कोण म्हणतंय? पण पाऊस नाहीये. हे पाहा." त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर आणला. पिवळाधमक सूर्य. खाली एकोणचाळीस अंश. "रात्री नऊपर्यंत निरभ्र."

दुकानाच्या पत्र्यावर ताशा वाजत होता. दाराबाहेर गटार रस्त्यावर आलं होतं, त्यात कुणाची तरी एक स्लीपर वाहत चालली होती. मी त्या सगळ्याकडे नुसता हात केला.

"ते ढगातलं पाणी आहे," आप्पा म्हणाले. "पाऊस वेगळा."

यावर माणसानं काय बोलावं? तरी बोललो, कारण ओला माणूस चिडका असतो. म्हटलं, "आप्पा, गाव कुठलं लावलंय मोबाईलमध्ये?"

"हिंजवडी."

"हिंजवडी? पुण्याची?"

"पोरगा तिथं आहे ना कंपनीत. त्यानंच बसवून दिलंय. त्याच्याकडं काय चाललंय ते कळत राहतं." मग जरा विचार करून, "आणि तिथलं आभाळ दुसऱ्या दिवशी इकडंच येतं."

पोरगा फोन करत नाही, बाप रोज त्याच्या डोक्यावरचं ऊन बघतो, हे कळल्यावर रागाला धार राहीना. पण आप्पांनी ती लगेच पुन्हा लावून दिली. "ताडपत्री घेऊ नका," ते मालकादेखत म्हणाले. "पैसे पाण्यात जातील."

"पाण्यात जाऊ नये म्हणूनच घेतोय."

"ताडपत्री घेतली की पाऊस येत नाही. माझा पन्नास वर्षांचा अनुभव आहे."

"मग घेतलीच पाहिजे की!"

"पण मग ती वापरायला कुठं मिळते?"

एकट्या आप्पांना तरी बोल का लावावा? ज्यांच्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, त्यांची भाषा तरी कुठं माझ्या वावरापर्यंत पोचते! भारतीय हवामान खातं 1875 सालापासून आहे आणि माझा त्यावर राग नाही. थंडी असो की चक्रीवादळ, त्यांचं हल्ली बरंचसं बरोबर येतं. पण आमच्या जिल्ह्याला त्या दिवशी पिवळा इशारा होता आणि 'तुरळक ठिकाणी' वादळी पाऊस. तुरळक म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. आता जिल्हा केवढा? इगतपुरीत भात आणि येवल्यात टँकर, असा. त्यातला तुरळक मी की शेजारचा, हे कोण सांगणार? त्यांना तरी कसं सांगता येईल म्हणा. चैत्रात जमीन तव्यासारखी तापते, समुद्राकडून दमट वारं येतं, वर गार हवा असते, आणि दुपारनंतर ढग उभाच्या उभा चढतो. एका शिवारात झोडपतो, बांधापलीकडे धूळ उडत असते. हे विज्ञान मला मान्य आहे. पिवळ्याचा अर्थ 'लक्ष ठेवा', नारिंगीचा 'तयार राहा', लालचा 'कृती करा'. मी लक्ष ठेवूनच होतो. दुपारी दोनपासून मान वर करून ठेवली होती, अजून दुखतेय.

आणि तो कृषी सल्ला! 'काढणी केलेला माल सुरक्षित ठिकाणी हलवावा.' लिहिणाऱ्याच्या हाताला नमस्कार. एकरी शंभर-सव्वाशे क्विंटल कांदा निघतो. पात न कापता, मान न सुकवता तो साठवणीच्या कांदाचाळीत भरला की आतून सडतो, आणि भिजलेला भरला की शेजारच्यालाही सडवतो, वर काजळी धरते. म्हणजे सुरक्षित ठिकाण म्हणजे नेमकं कुठं? देवघरात?

अंदाजांची टंचाई मात्र नाही. पाडव्याला गुरुजींनी पंचांगातलं पर्जन्यफल वाचलं. एप्रिलच्या मध्यावर दिल्लीहून मान्सूनचा आकडा येतो, देशाच्या 87 सेंटिमीटर सरासरीच्या इतके टक्के, पाच टक्के इकडं किंवा तिकडं. अक्षय्य तृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळला घट मांडतात, धान्य, पापड, भजी ठेवून दुसऱ्या पहाटे त्यावरून पाऊसपाणी सांगतात. शिवाय विड्यावरून राजाची गादीही. चार महिन्यांचं सगळ्यांना माहीत आहे. मला आज संध्याकाळचं हवं होतं.

तर दुकानात मी आणि आप्पा अनुभवाच्या पन्नास वर्षांवर अडकलेलो असताना एक पिकअप दाराशी येऊन लागली. तिच्यातून उतरला कपाळाला गंध, हाताला हळद लागलेला एक पाहुणा. उद्याचं लग्न, उघड्यावर मांडव. आल्या आल्या त्यानं विचारलं, "आप्पा, काय म्हणतो मोबाईल?"

आप्पांनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घेऊन टाका," ते म्हणाले. "जोरात आहे. उद्यासुद्धा."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "आप्पा, आत्ता तर निरभ्र होतं!"

"ते तुमच्यासाठी," आप्पा अतिशय शांतपणे म्हणाले. "याच्याकडं मला जेवायला जायचंय."

चोवीस बाय तीसच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या ताडपत्र्या पाहुण्यानं उचलल्या. भाव विचारला नाही, लग्नात कोण विचारतं. मालकानं त्याला चहा मागवला. मला आतून दोन लहान काढून दिल्या, एक निळी, एक पिवळी, पिवळीला एका कोपऱ्यात भोक. म्हणाला, "भोक वर येऊ देऊ नका, म्हणजे झालं." भाव तिसराच लावला.

वावरात पोचलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. आप्पांच्या मोबाईलसारखं, पिवळंधमक. पात भिजून कांद्याला चिकटलेली, सरीत पाणी. घरची ओंजळीत चार कांदे घेऊन उभी होती, त्यांची मान दाबून बघत होती. दाबली की बोट आत जात होतं. ती मला काही बोलली नाही, ताडपत्रीच्या भोकाकडे मात्र बराच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी नुकसानीची नोंद करावी म्हणून एका कार्यालयात गेलो. टेबलावरचा माणूस चांगला होता, बसा म्हणाला, पाणी दिलं. मग कागद ओढला.

"नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर आहे का?"

त्याच्या वर असेल तरच सरकारी मदत, हा नियम मला ठाऊक आहे, 2015 च्या आधी पन्नास टक्के होता. पण कांद्याचे तेहतीस टक्के आज कसे मोजायचे? तो आज भिजतो आणि आषाढात सडतो. चाळीत वरून ठणठणीत दिसतो, खाली हात घातला की वास येतो. तेव्हा पंचनाम्याला कोण येणार? हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, आणि पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं.

"पीक उभं होतं का?"

"कांदा आहे साहेब. उभा असतोय कुठं?"

"म्हणजे जमिनीत होतं की उपटलेलं?"

"उपटून वाळत घातलेलं."

"मग ते पीक नाही धरता येत. तो माल झाला."

"मालाचं कुठं सांगायचं?"

"माल तुमच्या ताब्यात असतो ना. तो सुरक्षित ठिकाणी हलवायला पाहिजे होता," तो म्हणाला. "तसा मेसेज आला असेल बघा तुम्हाला."

मी मोबाईल काढला. आला होता. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.