सदर आवाज

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर गेल्या मंगळवारपासून, टाकी साफ करण्याची सूचना आणि पार्किंगच्या स्टिकरची सूचना यांच्या बरोबर मधोमध, पुढील मजकूर झळकतो आहे : "सदनिका क्र. ५०३ यांच्या लेखी तक्रारीस अनुसरून रात्री येणाऱ्या आवाजाची समक्ष पाहणी केली असता सदर आवाज हा इमारतीत नसून तक्रारदार यांच्या कानात असल्याचे निष्पन्न झाले. सबब विषय निकाली काढण्यात येत आहे." खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का. ५०३ मध्ये मी राहतो. ठाण्याच्या नौपाड्यात ३० वर्षे काढलेल्या माणसाचा उल्लेख फलकावर यायचाच असेल, तर तो थकबाकीदारांच्या यादीत यावा, तेही एक वेळ चालेल. पण आपला कान असा जाहीरपणे निकाली निघावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

आवाज आषाढात सुरू झाला. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रम संपले की पडद्यावर रंगीत पट्टे येत आणि एक अखंड सूर लागे. तोच सूर, पण त्याहून पुष्कळ बारीक. दिवसा गोखले रोडच्या रहदारीत तो बुडून जाई आणि रात्री दिवे मालवले की हजर होई. मी क्रमाक्रमाने फ्रिज, इन्व्हर्टर आणि टीव्हीचा डबा यांच्यावर संशय घेऊन प्रत्येकाची पिन उपटून पाहिली. फ्रिजच्या चौकशीत एक लिटर दूध नासले. शेवटी संशय गच्चीवरच्या पाण्याच्या पंपावर स्थिरावला आणि मी रीतसर अर्ज दिला. चूक झाली ती इथेच.

आमचे सेक्रेटरी सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले असले, तरी कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. अर्जाला तिसऱ्या दिवशी उत्तर म्हणून ते स्वतःच रात्री ११ वाजता वायरमन, वॉचमन आणि पॅडला लावलेले कोरे कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मला माझ्याच पलंगावर नेहमीच्या कुशीवर झोपायला सांगण्यात आले. "घटना जशी घडते, तशीच घडली पाहिजे," असे त्यांचे म्हणणे होते. मग वायरमन वर गेला, पंप बंद झाला आणि जिन्यातून सेक्रेटरींचा खणखणीत प्रश्न आला :

"पाचशे तीन! आता येतोय का?"

"येतोय!"

"लिफ्ट बंद करा रे. आता?"

"येतोय!"

"जिन्याचे दिवे घालवा. पाचशे तीन, आता?"

मी पुन्हा होकार दिला. त्यानंतर खाली थोडा वेळ विचारविनिमय झाला आणि मीटर रूममधला मुख्य खटकाच खाली ओढला गेला. पंखे थांबले. सगळी इमारत एखाद्या विहिरीसारखी काळी आणि गप्प झाली. त्या शांततेत माझा सूर असा काही लख्ख लागला की मी, कोणी विचारण्याआधीच, "आता तर जास्तच येतोय!" असे ओरडलो. एकेक दार उघडले आणि मोबाईलच्या उजेडात बनियन, गाऊन आणि लुंग्या जिन्यात गोळा झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी वीज गेल्याचे समजून देवापुढची समई आणली. सर्वांत ठाम साक्ष मात्र चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये, वितळणाऱ्या आइस्क्रीमसह लिफ्टमध्ये अडकलेले असूनही त्यांनी आतून निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, "मला तरी काहीही ऐकू येत नाही!" वॉचमनने ते लिहून घेतले.

मग सेक्रेटरी पलंगाच्या कडेवर बसले, त्यांनी चश्मा काढला आणि माझ्या उजव्या कानाला आपला डावा कान लावला. पन्नाशी उलटलेले दोन गृहस्थ अंधारात गालाला गाल लावून बसले आहेत, दारात समई घेतलेल्या आजी उभ्या आहेत आणि दोघेही गंभीर आहेत, हे दृश्य माझ्या पत्नीने पाहिले. ती अजून त्याविषयी काही बोललेली नाही आणि हे मौन मला त्या सुरापेक्षा जास्त छळते. "निरंक," असे म्हणून सेक्रेटरींनी कान बाजूला घेतला. "आता दोन्ही कानांत बोटे घाला. आवाज कमी होतो की वाढतो?" मी बोटे घातली. आवाज वाढला. बाहेरचा आवाज बोटांनी कमी व्हायला हवा, हे मला वास्तविक पंधरा दिवसांपूर्वीच सुचायला हरकत नव्हती.

त्या माणसावर अन्याय नको म्हणून सांगतो, कानाला कान लावण्याची त्यांची पद्धत अगदीच अडाणी नव्हती. कान वाजण्याच्या क्वचित प्रकारांत रक्तवाहिनीची सळसळ किंवा स्नायूंची टकटक डॉक्टरांनाही स्टेथोस्कोपने ऐकू येते. नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप असा आवाज येत असेल, तर त्याची तपासणी टाळू नये ती याच कारणाने. माझा प्रकार मात्र सर्वसाधारण निघाला, म्हणजे ऐकणारा मी एकटाच आणि साक्षीदार शून्य.

दुसऱ्या दिवशी मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी कानात उजेड पाडून मळाचा गोळा आहे का ते पाहिले, कारण नुसत्या मळानेही कान वाजतो आणि कापसाची काडी घालणारे लोक तो मळ आत ठोकून बसवत असतात. मग प्रश्न सुरू झाले. एकाच कानात येतो की दोन्ही? (एकाच कानात असेल तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे पाहावे लागते, ती बहुधा साधी असते, पण शोधावी लागते.) चक्कर येऊन कान भरल्यासारखा होतो का? ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनाइन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शने, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, यांपैकी काही घेतले होते का? जबडा दुखतो का? रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन? ऐकू येणे एकाएकी कमी झाले का? तसे असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी यायचे असते, हे त्यांनी बजावले. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो आणि आपण इतके निरोगी असूनही आपल्याला काहीतरी झाले आहे, याचे मला उगीचच वाईट वाटले.

ऑडिओमेट्रीच्या काचेच्या खोलीत हेडफोन घालून बसायचे आणि बारीक 'टीं' ऐकू आली की बटण दाबायचे, एवढेच काम होते. पण ज्याच्या डोक्यात अष्टौप्रहर 'टीं' चालू आहे, त्याने नेमक्या कोणत्या 'टीं'ला दाद द्यावी? मी प्रामाणिकपणे दाबत राहिलो. अखेर काचेपलीकडची मुलगी दार उघडून म्हणाली, "काका, मी अजून आवाज सोडलाच नाहीये." दोन दिवसांत दुसऱ्यांदा खोटा ठरलो. तिने मग सलग सुराऐवजी तुटक आवाज देऊन आलेख पुरा केला. त्यात बाकी रेषा बरी होती. ४,००० हर्ट्झच्या उंच सुरापाशी मात्र घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यासारखा खड्डा पडला होता. डॉक्टरांनी तो पाहून एकच प्रश्न विचारला, "नोकरी कुठे केली?"

वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात २२ वर्षे. मशीन चालू असताना आम्ही एकमेकांशी खाणाखुणांनी बोलत असू आणि कोणी कानात बोळे घातले तर त्याला "वहिनी" म्हणून हाक मारीत असू. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास, ही ढोबळ मर्यादा मानली जाते. आमचे मशीन ती सकाळच्या चहाआधीच ओलांडत असावे. आतल्या कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात आणि माणसाच्या कानात त्या अशा गोंगाटाने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात. चिकनच्या दुकानाबाहेर पिंजऱ्यात बसलेली कोंबडी या एका बाबतीत माझ्याहून भाग्यवान आहे. पेशी मेल्याने वरचे सूर मेंदूपर्यंत पोहोचेनासे होतात. मग गवई उठून गेल्यावरही साथीदाराने तंबोरा छेडत बसावे, तसा मेंदू त्या रिकाम्या जागेत स्वतःच सूर धरून बसतो, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

हे समजल्यावर सेक्रेटरींना सुनावण्यासाठी मी पुष्कळ मुद्दे जमवले. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत याला 'कर्णनाद' असे भारदस्त नाव आहे. सूचनेत निदान तो शब्द तरी वापरता आला असता. बीथोव्हेनने १८०१ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याची हीच तक्रार केली होती, पण त्याच्या सोसायटीने ती फलकावर लावल्याचे कोठे वाचनात आले नाही. शिवाय १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवले, तर त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे पुरेशा शांततेत आमचे सेक्रेटरीही वाजतील. परंतु ठाण्यात त्यांना तेवढी शांतता कोण आणि कोठे मिळवून देणार?

आणि खरी ठसठस इथेच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहीहंडीला आमच्या खिडकीच्या काचा डीजेच्या ठेक्यावर थरथरतात, कपाटातले पेले सरकत कडेला येतात, छातीची फळी हादरते. त्या दिवशी हेच सेक्रेटरी स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसलेले असतात. मी तोंडी विनंती केली तेव्हा "वर्षातून एकदाच तर असते," असे उत्तर मिळाले. दहीहंडी एकदाच, विसर्जन एकदाच, नवरात्र एकदाच पण नऊ रात्री, आणि वराती मुहूर्ताप्रमाणे. त्या आवाजाचा पंचनामा करायला रात्री ११ वाजता पॅड घेऊन कोणी येत नाही. जो आवाज साऱ्या नौपाड्याला ऐकू येतो, त्याची तक्रार करणारा रडका ठरतो. जो मला एकट्याला ऐकू येतो, त्याला मात्र शिक्का मिळतो.

हा सूर पुसून टाकणारी गोळी नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ऐकू येणे कमी झालेले असेल तर श्रवणयंत्राने फरक पडतो, समुपदेशनाने त्रासाची धार बोथट होते, आणि मुख्य म्हणजे पूर्ण शांततेत झोपू नये. पंखा किंवा तसलाच एखादा संथ आवाज सोबतीला ठेवावा. तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे ती सोबत गच्चीवरचा पंपच करीत होता. मी त्या रात्री त्याच्या घरघरीची वाट पाहत पडून राहिलो. ती आलीच नाही. माझ्या अर्जाची दखल घेऊन सोसायटीने त्याचे बेअरिंग बदलून टाकले होते.

काल मेंटेनन्सचे बिल आले. त्यात बेअरिंगचे आणि वायरमनच्या रात्रपाळीचे मिळून ८५० रुपये माझ्या एकट्याच्या नावावर लावलेले आहेत. भांडण वाढवायचे नाही म्हणून मी ते भरले आणि पावती घेतली. पावतीवर कामाचे स्वरूप या रकान्यात "आवाज बंद करणे" असे लिहिले असून शेरा या रकान्यात, सेक्रेटरींच्याच वळणदार अक्षरात, "काम पूर्ण" असे नमूद आहे.