लोकमारियाकेरचा तो 300 टनी दगड आणि व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोकमारियाकेर नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या मोडून पडलेल्या प्रचंड दगडाचा फोटो सगळीकडे फिरतोय. खाली लिहिलंय की हा ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुजाऱ्यांनी परग्रहवासीयांच्या मदतीने चंद्र बघायला उभारला, एकटाच उभा होता, मग भूकंपात पडला. दगड खरा आहे, 20 मीटर लांबी आणि अंदाजे 300 टन वजन हेही ठीक. बाकीचं बघूया.

ड्रुइड तर सोडूनच द्या. दगड इ.स.पू. 4500 च्या आसपासचा आणि ड्रुइडांबद्दल लिहिणारा ज्युलियस सीझर इ.स.पू. पहिल्या शतकातला, मधे जवळपास साडेचार हजार वर्षं आहेत!

एकटाच होता हेही चूक. उत्खननात शेजारी एका ओळीत आणखी 18 दगडांचे खड्डे सापडलेत. चंद्राची कल्पना 1970 च्या दशकात स्कॉटिश अभियंते अलेक्झांडर थॉम यांनी मांडली होती, माणूस अभ्यासू होता, मोजमापं घेऊन बोलायचा, पण हे खड्डे नंतर सापडले आणि एकट्या दगडाचं चित्रच बदललं.

मग ते बाकीचे दगड गेले कुठे? मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. जवळच ताब्ल दे मार्शां नावाची दगडी कबर आहे, तिच्या छताच्या शिळेवर एका जनावराचं अर्धवट कोरीवकाम आहे आणि त्याचा उरलेला भाग सापडला गावरिनिस बेटावरच्या कबरीच्या छतावर, 1980 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शार्ल-तांगी ल रू यांच्या लक्षात आलं की दोन्ही एकाच शिळेचे तुकडे आहेत. म्हणजे लोकांनी जुने उभे दगड काढून नव्या कबरींना वापरले. त्यामुळे मोठा दगडही मुद्दाम पाडला असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. भूकंपाची शक्यताही काही संशोधक धरतात, पण फॉरवर्डमधे ती सिद्ध झाल्यासारखी ठोकून दिलीय.

आणि एलियन्स? 1979 मधे फ्रान्समधेच बूगों इथे 32 टनांचा ठोकळा दोनेकशे माणसांनी दोर, ओंडके आणि तरफा वापरून हलवून दाखवला. 300 टन म्हणजे त्याच्या दहापट, सोपं नव्हतंच, पण त्यासाठी लागतात जास्त माणसं, जास्त दोर आणि कामाची नीट आखणी. हे करणारी माणसं तिथलीच शेती करणारी, गुरं पाळणारी होती, त्यांचं श्रेय दुसऱ्या ग्रहाला देऊ नका.