एकशे सत्त्याहत्तरावा भाग

बंड्याचा गुन्हा परवा केवळ बोलण्याच्या ओघात उघडकीस आला. मेलेली माणसे उठून जिवंतांवर तुटून पडतात, त्या ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेची पर्वे अकरा आणि भाग १७७. २०१० साली पहिला भाग आला तेव्हापासून बंड्याने त्यांतले १७६ भाग एकही न चुकवता पाहिले, आणि नोव्हेंबर २०२२ मधला शेवटचा भाग मात्र आजतागायत पाहिलेला नाही. तो आला त्या आठवड्यात याच कट्ट्यावर बंड्या आणि वकील त्या शेवटावर दीड तास बोलत बसले होते आणि आम्ही बाकीचे कंटाळून घरी गेलो होतो, हे सर्वांना आठवत असल्यामुळे वकिलाला ही फसवणूक अधिकच लागली.

“शर्यत धावणाऱ्याने अंतिम रेषेच्या दोन पावले अलीकडे थांबावे आणि घरचा रस्ता धरावा, तसला हा प्रकार आहे,” वकील म्हणाला.

आमच्या वकिलाने कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही. त्याची सारी हयात विम्याच्या कचेरीत गेली. त्याच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे कॉलेजात त्याला हे नाव पडले आणि नंतर त्याने ते अंगाला लावून घेतले.

“मुळात प्रश्न असा आहे,” (त्याची सगळी वाक्ये अशीच सुरू होतात) “की मालिका पाहायला बसणे हा एक करार असतो. पहिला भाग पाहिलास, तेव्हाच तू शेवटचा भाग पाहण्याचे मान्य केलेस. मध्येच कंटाळा आला, ही करार मोडण्याची सबब होऊ शकत नाही.”

सुलभा तोवर गप्प होती. ती गप्प असते तेव्हा आपण सावध व्हावे, हे एवढ्या वर्षांत वकिलाला कळलेले नाही.

“करार असेल तर तो दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो,” ती म्हणाली. “ग्लेनच्या वेळी समोरच्या पक्षाने काय केले, ते जरा आठव.”

आठवायला कोणालाच कष्ट पडले नाहीत. २०१५ च्या ऑक्टोबरात ‘वॉकिंग डेड’मधला सर्वांचा लाडका ग्लेन कचऱ्याच्या पेटीवरून मेलेल्यांच्या गर्दीत पडला, ते त्याच्यावर तुटून पडलेले आपण डोळ्यांनी पाहिले, पुढच्या भागांच्या नामावलीतून त्या नटाचे नावसुद्धा काढून टाकण्यात आले, आणि चार आठवड्यांनी समजले, की ग्लेन सरपटत त्या पेटीखाली शिरला होता आणि फाडले गेले ते त्याच्या अंगावर पडलेल्या दुसऱ्याच माणसाचे पोट होते. एवढ्यावर भागले नाही म्हणून की काय, २०१६ च्या एप्रिलमध्ये ते पर्व संपताना खलनायक नेगनची बॅट थेट कॅमेऱ्यावर उतरली आणि ती नेमकी कोणाच्या डोक्यात बसली, हे कळण्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. त्या ऑक्टोबरच्या भागाला एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रेक्षक होते. सहा वर्षांनी शेवटच्या भागाला २५ लाखही उरले नाहीत.

“लोक त्या रक्तपाताला विटले, असे सगळीकडे लिहून आले,” सुलभा म्हणाली. “पण रक्तपात तर पहिल्या दिवसापासून होता आणि लोक तो मन लावून पाहत होते. लोक विटले ते सहा महिने ओलीस ठेवले गेल्यामुळे. उत्सुकता वाढवणे निराळे आणि माणसाला खांबाला बांधून ठेवणे निराळे.”

मला हे पटले, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे, कारण वकिलाने माझ्याकडे फितूर साक्षीदाराकडे पाहावे तसे पाहिले. मग त्याने पूर्वीचे दाखले काढले. मेलेले पात्र परत आणणे ही काही आजची टूम नव्हे, असे सांगून तो ‘डॅलस’ या जुन्या अमेरिकन मालिकेवर गेला. १९८५ मध्ये मेलेला बॉबी १९८६ मध्ये स्नानगृहात अंघोळ करताना सापडतो आणि मधले सबंध पर्व हे त्याच्या बायकोला पडलेले स्वप्न ठरते. तरीसुद्धा मालिका १९९१ पर्यंत चाललीच की नाही, असा त्याचा सवाल होता.

“चालली, पण कोणाच्या जिवावर चालली?” सुलभा म्हणाली. “एकतीस भाग लोकांनी वेळ काढून पाहिले आणि त्यांना सांगण्यात आले, की यातले काहीच घडलेले नाही. विम्याचे एकतीस हप्ते भरल्यावर तुमच्या कचेरीने ‘ती पॉलिसी आम्हाला स्वप्नात दिसली होती’ असे कळवले असते, तर तू काय केले असतेस?”

वकिलाने चष्मा पुसायला घेतला. पण मेलेल्यांचा विषय निघाल्यावर मिहिर निघणे अटळ होते, आणि मिहिर निघाल्यावर बंड्याची फजिती अटळ होती. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर गेला त्या आठवड्यात बंड्या कट्ट्यावर तोंड पाडून बसला होता, कोणी विचारले तर डोळ्यांत काहीतरी गेले आहे असे सांगत होता, आणि प्रेक्षकांच्या आग्रहापुढे नमून मिहिरला परत आणले गेले तेव्हा याचे डोळे एकाएकी बरे झाले होते. बंड्या हे सगळे नाकारतो. नाकारताना त्याचा आवाज चढतो, यावरून काय समजायचे ते आम्ही समजतो.

“माझ्या डोळ्यांचे सोडा,” तो म्हणाला. “‘डेक्स्टर’ मालिकेतल्या त्या खुनी डेक्स्टरचे काय? २०१३ मध्ये त्याला लाकूडतोड्या करून सोडला, ते एक वेळ ठीक. २०२१ मध्ये परत आणून पोटच्या मुलाच्या हातून गोळी घातली, तेव्हा मी म्हटले, चला, सुटला बिचारा आणि सुटलो मी. आणि २०२५ मध्ये तोच डेक्स्टर इस्पितळात डोळे उघडतो. ज्या कथेत मरणावर भरवसा ठेवता येत नाही, तिच्यात जगण्यावर तरी कसा ठेवायचा?”

डेक्स्टरचे नाव निघताच सुलभेने जुनी फाइल उघडली. चौथ्या पर्वाचा शेवट तिने पाहिलेला नसताना डेक्स्टरच्या बायकोचे, रीटाचे, काय झाले, हे वकिलाने ‘हळहळ व्यक्त करण्याच्या ओघात’ फोडले होते. ही गोष्ट २००९ सालची आहे. तिने त्याला माफ केलेले नाही, आणि तो अजूनही ‘मला वाटले तू पाहिले असशील’ हेच तुणतुणे वाजवतो.

मध्येच मास्तरांनी घसा खाकरला. मास्तर वयाने आम्हा सर्वांहून मोठे आणि बोलायला आमच्यात सर्वांत हळू असल्याने त्यांचे म्हणणे बहुधा पुरे होत नाही. ‘हॅपी डेज’ मालिकेतल्या फॉन्झीने चामड्याचे जाकीट न काढता पाण्यावरच्या स्कीवरून शार्कवर उडी मारली, आणि मालिका हाताबाहेर गेल्याचा क्षण या अर्थाने ‘शार्क ओलांडणे’ हा वाक्प्रचार त्यावरून पुढे पडला, इतके तर आम्हाला ठाऊकच होते.

“पण तारखा पाहा,” मास्तर म्हणाले. “ती उडी १९७७ ची आहे, आणि मालिका संपली १९८४ मध्ये. शार्क ओलांडल्यानंतर सात वर्षे लोक बसून होते. त्या रात्री कोणी उठून गेले नाही.”

त्या संध्याकाळी बोलले गेलेले सर्वांत खरे वाक्य बहुधा हेच असावे, आणि कट्ट्याच्या रीतीप्रमाणे ते कोणीच उचलून धरले नाही. मला मात्र ते लागले, कारण माझेही तसेच झाले होते. मी जी मालिका सोडली, ती सोडायची असे मी कधी ठरवले नव्हते. एका भागाच्या सतराव्या मिनिटाला कोणाचा तरी फोन आला, मी पडदा थांबवला, आणि चित्राखालची ती अर्धवट लाल रेघ पुढे कित्येक महिने ‘पाहणे सुरू ठेवा’ या रांगेत माझी वाट पाहत राहिली. प्रथम ती पहिल्या क्रमांकावर होती, मग तिसऱ्या, मग बोटाने सरकवल्याखेरीज दिसेना. ती पुसून टाकण्याचे बटण कुठे असते हे मला ठाऊक होते. तरी मी तिच्याकडे न पाहता पुढे जात असे, उधारी असलेल्या माणसाने रस्ता बदलावा तसा. मी हे बोलून दाखवल्यावर वकिलाने, “म्हणजे तुझा दावा अजून प्रलंबित आहे, निकाली निघालेला नाही,” असे म्हणून मला आपल्या पक्षात घेण्याचा प्रयत्न केला.

तोवर बंड्याला स्वतःची बाजू मांडायची संधी कोणी दिलीच नव्हती.

“शेवटचा भाग यायच्या आधीच पुढच्या मालिका जाहीर झाल्या होत्या,” तो म्हणाला. “डॅरिलची वेगळी मालिका येणार, मॅगी आणि नेगनची वेगळी येणार. म्हणजे कोण जगणार ते मला बातम्यांतून कळलेले. बारा वर्षे मी ज्या एका प्रश्नासाठी बसलो होतो, त्याचे उत्तर त्यांनी जाहिरातीत देऊन टाकले. मग तो भाग कशासाठी पाहायचा? नव्या दुकानांच्या पाट्या वाचायला?”

“पण तुला शेवट कळायला नको?” वकील अक्षरशः कळवळला.

“मला कळला आहे,” सुलभा म्हणाली. “या मालिकेचा नव्हे, बाप आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगत बसतो, त्या ‘हाऊ आय मेट युअर मदर’चा. नऊ वर्षे, २०८ भाग. सगळे नववे पर्व एका लग्नाच्या शनिवार-रविवारात घालवले, आणि शेवटच्या भागात काही मिनिटांत त्या दोघांचा घटस्फोट उरकला. जिच्या भेटीसाठी नऊ वर्षे थांबलो, त्या आईला तितक्याच घाईने मारून टाकले. का, तर मुले मोठी दिसू नयेत म्हणून त्यांचा शेवटचा प्रसंग सुरुवातीच्या वर्षांतच चित्रित करून ठेवला होता आणि तो वापरायचा होता. मधल्या आठ वर्षांत गोष्ट कुठल्या कुठे गेली, माणसे बदलली, पण कपाटात शिवून ठेवलेला सदरा वाया जाऊ नये म्हणून तो त्यांनी गोष्टीच्या अंगात कोंबला. त्या रात्री मी बंड्यासारखी आधीच उठले असते, तर ती आई माझ्यापुरती अजून जिवंत असती.”

यावर काही क्षण कोणी बोलले नाही. मग वकिलाने, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवे, एक खरोखर बिनतोड मुद्दा काढला. तुम्हाला ताणलेली मालिका नको आणि घाईने संपवलेलीही नको. पण विमान पडून बेटावर अडकलेल्यांच्या ‘लॉस्ट’ या मालिकेवाल्यांनी २००७ मध्येच, अजून ४८ भाग करू आणि २०१० मध्ये थांबू, असे जाहीर केले होते. शेवटाची तारीख तीन वर्षे आधी ठरवूनसुद्धा तो शेवट पाहून लोक आपसांत भांडलेच ना? ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे शेवटचे पर्व पुन्हा लिहा, म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या, आणि त्याच मालिकेच्या शेवटच्या भागाला अमेरिकेत त्या एका रात्रीत १ कोटी ९३ लाख प्रेक्षक लाभले. “म्हणजे सही करणारेही शेवटी पाहायला बसलेच,” वकील म्हणाला. “शिव्या द्यायच्या तर पाहून द्याव्यात. मी तेच करतो, आणि माझ्याजवळ त्याची नोंद आहे.”

एवढे बोलून तो थांबला असता तर त्या संध्याकाळी तो जिंकला असता. पण त्याने पिशवीतून वही काढली.

वकिलाच्या वहीबद्दल आम्ही ऐकून होतो. पाहिली कोणीच नव्हती. जाड पुठ्ठ्याची लांबट वही, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, मालिका, पर्व, भाग, शेरा. सुलभेने ती हातात घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘लॉस्ट’च्या पहिल्या पर्वाचे शेरे रकान्यात न मावल्याने समासात आणि समासातून पाठच्या पानावर गेले होते. जंगलात पुरलेल्या त्या झाकणाचे पेन्सिलीने काढलेले चित्र होते. ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे लाल शाईने चौकटीत कोंडून शेजारी ‘बेरीज १०८. लक्षात ठेवणे’ असे लिहिले होते. पाने उलटत गेली तसे शेरे आखडत गेले. चार ओळींच्या दोन झाल्या, दोनांची एक झाली, पुढे ‘बरा’, ‘ठीक’, ‘संथ’ असे एकेका शब्दावर आले, आणि मग पानेच्या पाने एका सरळ रेषेत एकच शब्द खाली उतरत गेला होता: ‘पाहिला’. एके ठिकाणी ‘पाहिला (झोप)’ असेही होते.

“वकीलसाहेब,” सुलभा म्हणाली, “यातली निम्मी वर्षे तुम्ही मालिका पाहत नव्हता, हजेरी लावत होता.”

“नोंद ही नोंद असते,” वकील म्हणाला. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

बंड्या इतका वेळ वहीकडे वाकून पाहत होता. तो जरा ओशाळून म्हणाला, “नोव्हेंबर २०२२ चे पान काढ ना. त्या शेवटच्या भागात काय होते, ते तूच सांगून टाक. मग माझाही निकाल लागेल.”

वकिलाने वही परत घेतली, चष्मा लावला, बोट ओले करून पाने मागे-पुढे केली आणि ते पान सापडल्यावर तो त्याकडे बराच वेळ पाहत बसला. शेवटी सुलभेने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचले. तारीख, मालिका, पर्व ११, भाग २४, आणि शेऱ्याच्या रकान्यात: ‘पाहिला. बंड्याशी सविस्तर बोलणे.’ पुढे निराळ्या शाईने बरोबरची खूण होती.

“आता आठवतो का तो भाग?” तिने विचारले.

वकिलाने नकारार्थी मान हलवली.

“मग त्या दिवशी तुम्ही दोघे दीड तास इथे बसून बोललात तरी कशावर?”

वकिलाने बंड्याकडे पाहिले, बंड्याने वकिलाकडे पाहिले, आणि पहिल्यांदा हसू फुटले ते मास्तरांना.