‘सगळे कॉल रेकॉर्ड होणार’ हा मेसेज पुढे पाठवू नका

“उद्यापासून नवे संपर्क नियम. सगळे फोन आणि व्हॉट्सॲप कॉल रेकॉर्ड होतील. तुमचा फोन मंत्रालयाच्या सिस्टीमला जोडला जाईल. लाल टिक दिसली की कारवाई. कॉलमध्ये आवाज घुमला तर समजा, कोणीतरी ऐकतंय.” केंद्र सरकारच्या माहिती तपासणाऱ्या पीआयबी फॅक्ट चेकने असला मेसेज पूर्वीच खोटा ठरवलाय, तरी तो फिरतोच. आता तो विट्याला आमच्या आत्यांकडे पोचला आणि गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी तमिळनाडूत असलेल्या लेकाशी बोलायलाही त्या घाबरू लागल्या.

लाल टिक नसतेच. टिका करड्या नाहीतर निळ्या, त्याही मेसेजला. कॉलला टिक कुठून येणार?

रेकॉर्डिंगचं बघा. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲप कॉलमधला आवाज तुमच्या फोनमधून बाहेर पडण्याआधीच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात बदलतो, आणि तो उलगडायची किल्ली फक्त बोलणाऱ्या दोघांच्या फोनमध्ये असते. मधे कोणी साठवला तरी ऐकण्याजोगं काही हाती लागत नाही. खात्री करायची तर चॅटमध्ये नावावर टॅप करा, ‘एन्क्रिप्शन’ उघडा आणि तिथले 60 अंक लेकाच्या फोनवरच्या अंकांशी जुळवा. कोणी फोन बदलला किंवा ॲप नव्याने टाकलं की हे अंक बदलतात. तेवढ्याने घाबरू नका, पुन्हा जुळवा.

आवाज घुमतो तो बहुतेक वेळा पलीकडचा फोन स्पीकरवर असल्यामुळे. तुमचाच आवाज त्याच्या माईकमधून परत येतो. त्याला स्पीकर बंद करायला किंवा इअरफोन लावायला सांगा. आवाज तुटतो तेव्हा डेटाची पॅकेटं (आवाजाचे छोटे तुकडे) वाटेत हरवलेली असतात किंवा इतकी उशिरा आलेली असतात की ॲप ती टाकून देतं. वायफायची रेंज काठावर असेल तर ते बंद करून मोबाईल डेटावर बोला.

आता यातलं थोडं खरं आहे, तेही सांगतो. व्हॉट्सॲपला तुमचं बोलणं कळत नसलं तरी कोणी कोणाला कधी कॉल केला हे कळतं. समोरचा माणूसही रेकॉर्ड करू शकतो. आणि साधा सिमवरचा कॉल सरकार ऐकू शकतं, पण सरसकट सगळ्यांचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या पीयूसीएल (एक नागरी हक्क संघटना) खटल्यातल्या निकालाने त्याला बंधनं घातली: ठरावीक व्यक्तीसाठी, गृहसचिव पातळीवरचा लेखी आदेश. नियमांनुसार तो 60 दिवस चालतो, वाढवत नेला तरी 180 दिवसांपुढे जात नाही.

खरा धोका वेगळाच आहे. हा मेसेज मनात बसलेल्या माणसाला उद्या खोटा पोलीस व्हिडिओ कॉल करून म्हणतो, “तुमचे सगळे कॉल आमच्याकडे रेकॉर्ड आहेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात,” आणि माणूस विश्वास ठेवतो. डिजिटल अटक कायद्यात नाही. कॉल कापा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.