ओळख दाखवा, सँडविच घ्या

मी पैसे दिलेलं सँडविच काल माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने खाल्लं. चोरलं नाही, हिसकावलं नाही. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने ते उचलून त्याच्या हातात दिलं, मालकांनी मान डोलावली आणि मालकीणबाईंनी वर कागदी रुमालही दिला.

दुकान घरगुती. म्हणजे नवरा ब्रेडला लोणी लावतो, बायको गल्ल्यावर, मुलगी ऑर्डर घेते आणि सासूबाई आतून, कोणाला न दिसता, सगळ्यांवर ओरडतात. भिंतीवर एक फळा आहे. त्यावर हरवलेलं मांजर, शिकवणीची जाहिरात, रक्तदान शिबिराची तारीख, आणि शेजारी पोरांच्या टीमचा फोटो. टीमच्या टी-शर्टांवर दुकानाचं नाव. गल्ल्यामागच्या खिळ्यांना निम्म्या वस्तीच्या घरांच्या किल्ल्या, खाली लोकांची कुरियर, ड्रॉवरमध्ये उधारीची वही. मधूनमधून सँडविचही मिळतं.

अशा दुकानांविषयी लोक फार गहिवरून बोलतात. 'आता कुठे राहिलीत अशी माणसं!' मला सांगायचंय ते हे, की ती माणसं राहिली आहेत आणि त्यातलं एक दाराजवळच्या स्टुलावर बसलेलं असतं. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांना काही विकत घेताना मी कधी पाहिलेलं नाही.

"एक सँडविच. काकडी नको," मी मालकांना म्हणालो आणि पैसे दिले.

"काकडी का नको?" हा प्रश्न स्टुलावरून आला.

"आवडत नाही."

"पोटाचं काही आहे का?"

"नाही हो. आवडत नाही."

"राहता कुठे?"

काकडीचा आणि पत्त्याचा संबंध माझ्या लक्षात येईना, पण आवाजात अशी काही जरब होती की मी पत्ता सांगून मोकळा झालो.

"म्हणजे मास्तरांच्या घरात?"

"मास्तर कोण ते मला माहीत नाही. मी भाड्याने राहतो."

"मास्तर माहीत नाहीत!" हे मला नव्हतं, दुकानाला होतं. मालकीणबाईंनी नोटा मोजायच्या थांबवल्या. मालकांचा लोण्याचा हात हवेत राहिला. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोणाला माहीत नाहीत?"

"हे मास्तरांच्या घरात राहतात आणि म्हणतात मास्तर माहीत नाहीत."

"मास्तर जाऊन किती वर्षं झाली नाना, यांना कुठून माहीत असणार?" मुलगी म्हणाली. दुकानात एवढी एकच शहाणी व्यक्ती होती, तिला लगेच टोमॅटो आणायला पिटाळण्यात आलं.

"गेले म्हणून काय झालं? घरात फोटो असेल की मास्तरांचा."

"नाही. फोटो नाही."

नानांनी चष्मा काढला. "काढलात का तुम्ही?"

मी न लावलेला फोटो मी काढलेला नाही, हे पटवून देण्यात माझी जेवणाची सुट्टी चालली होती. तोंड बंद आणि पोट रिकामं असलं की मला इतिहास आठवतो. हा पदार्थ ज्याच्या नावाने चालतो तो जॉन माँटेग्यू, इंग्लंडमधल्या सँडविच गावचा चौथा अर्ल, म्हणजे उमराव. पत्त्यांच्या टेबलावरून उठायला लागू नये म्हणून त्याने ब्रेडमध्ये मांस घालून मागवलं, अशी कथा आहे. त्याचे चरित्रकार म्हणतात की टेबल पत्त्यांचं नसून कामाचं असावं, कारण नौदलाचा कारभार त्याच्याकडे होता. ते काही असो, 1762 सालच्या आपल्या रोजनिशीत एडवर्ड गिबन या इतिहासकाराने सँडविच लिहून ठेवलं आहे, म्हणजे तोवर लोक खाऊ लागले होते. पुढे 1928 साली अमेरिकेतल्या चिलिकॉथी गावच्या बेकरीने यंत्राने कापलेला ब्रेड विकायला काढला. ते यंत्र बनवणाऱ्या ओटो रोह्वेडरने त्यासाठी आपली दागिन्यांची दुकानं विकली होती. हे सगळे लोक झिजले ते माणसाचा वेळ वाचावा म्हणून. वाचलेला सगळा वेळ या स्टुलावर जमा झाला आहे.

एव्हाना माझं सँडविच तयार होऊन फळीवर पडलं होतं. फक्त कापायचं बाकी होतं, कारण आडवं कापायचं की तिरकं यावर नानांचं मत यायचं होतं. सुरी हातात धरून मालक वाट बघत होते. मी मात्र कोपऱ्याकडे बघत होतो. लोणी नुसतं चवीला नसतं. टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये मुरू नये म्हणून ते कडेपर्यंत लावायचं असतं. मालकांचा हात मास्तरांपाशी थांबला होता, त्यामुळे एका कोपऱ्याला लोणी पोचलंच नव्हतं. तो कोपरा हळूहळू गुलाबी होत गेला, मग मऊ पडला, मग खाली वाकला.

"तिरकं," नाना म्हणाले. "कोपऱ्यापासून खायला सुरुवात करता येते."

इतक्यात टीमचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा धापा टाकत आत आला. मॅच आहे, उशीर झालाय, पोटात काही नाही. नाना उठले. मी त्यांना उठलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी फळीवरून सँडविच उचललं आणि मुलाला दिलं.

"अहो, ते माझं आहे."

"तुमचं दुसरं होतंय."

"पैसे दिलेत मी."

"पैशाचं काय घेऊन बसलात?" मालकीणबाई म्हणाल्या. "घरचाच मुलगा आहे."

घरच्या मुलाने पहिला घास घेतला, थांबला आणि म्हणाला, "यात काकडी नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता राग कशाचा, तर सँडविचचा नाही. आपुलकी फुकट मिळते असं जे सांगितलं जातं, त्याचा आहे. ती कुणाच्या तरी रांगेतून कापलेली असते. ज्यांची किल्ली खिळ्याला आहे त्यांना 'नेहमीचंच ना?' आणि मला 'बोला'. साखळी दुकानात यंत्र नंबरची चिठ्ठी देतं, तुमच्या घरात कोण वारलं याची त्याला पर्वा नसते, आणि चौदा नंबरच्या आधी पंधरा नंबर जेवत नाही. लोकांना हे कोरडं वाटतं. मला काल दुपारी फार माणुसकीचं वाटलं.

टोमॅटो घेऊन परतलेल्या मुलीने हळूच सांगितलं, नानांच्या घरी कोणी नाही, सकाळी शटर उघडतं तेव्हा येतात आणि रात्री ते ओढायला मदत करतात. एखाद्या दिवशी आले नाहीत तर तीच जाऊन दार वाजवते. हे दुकान नसतं तर ते दार कोणी वाजवलं नसतं, हे मलाही कळतं. पण नानांच्या एकटेपणाचा हप्ता माझ्या अर्ध्या तासाच्या सुट्टीतून का, हे मात्र कळत नाही. माझ्याही घरी कोणी नसतं. मी कोणाच्या सँडविचला हात लावतो का?

दुसरं सँडविच होईस्तोवर नाना फळ्यापाशी गेले. तिथे टीमला मदत करणाऱ्यांची यादी होती. त्यांनी खडूने खाली ओळ वाढवली: 'मास्तरांच्या घरातले – सँडविच 1'. पोट, पत्ता, फोटो, सगळं विचारून झालं होतं. नाव विचारावं असं कोणाला वाटलं नव्हतं.

पुडा हातात आला. उघडून पाहिला, तर आत काकडी. दोन्ही बाजूंनी, ओळीने, सढळ हाताने.

"मी काकडी नको म्हणालो होतो," मी म्हणालो.

"मग काढा की बाजूला," नाना स्टुलावर परत टेकत म्हणाले आणि त्यांनी तळहात पुढे केला. "इकडे द्या."