दिनविशेष, पाच वाक्यांत

रात्री पावणेदहाला, दप्तर भरून झाल्यावर, तोंडात ब्रश धरूनच चिमीनं जाहीर केलं, "उद्या परिपाठात दिनविशेष माझा आहे."

आमच्या घरात शाळेच्या बातम्या याच सुमाराला फुटतात. क्रेप पेपर लागणार असल्याचं आम्हाला नेहमी दुकानाचं शटर पडल्यावरच कळतं. त्या मानानं दिनविशेष किरकोळ. पाच वाक्यं, चिठ्ठी न बघता, एवढीच मॅडमची अट. "पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणून मी मोबाइल उघडला. तारीख १९ नोव्हेंबर.

पहिलंच निघालं, आंतरराष्ट्रीय पुरुष दिन. माझी छाती अंमळ फुगली. त्रिनिदादचे जेरोम टीलकसिंग नावाचे प्राध्यापक, त्यांनी १९९९ मध्ये हा दिवस सुरू केला आणि तारीख निवडली ती स्वतःच्या वडिलांच्या वाढदिवसाची. हे मी मोठ्यानं वाचलं, ती चूक झाली. कॉटवर आडवे झालेले आप्पा उठून बसले. "बघ. काही मुलांच्या लक्षात राहतो बापाचा वाढदिवस." यंदा ऑगस्टमध्ये माझ्याकडून त्यांचा हुकला होता. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

खालची ओळ होती, जागतिक शौचालय दिन. तोही १९ नोव्हेंबरलाच. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ मध्ये जागतिक शौचालय संघटना काढली, आणि २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस अधिकृत केला.

"आणि पुरुष दिन?" विरजण लावता लावता बायकोनं विचारलं.

शोधलं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत पुरुष दिन नव्हता.

"म्हणजे संडासाला मान्यता आहे, पुरुषाला नाही." तिनं भांड्यावर झाकण ठेवलं. "विचार करून काम करतात हो ती माणसं."

आप्पांचा निर्णय तोवर झाला होता. "झाशीची राणी! १९ नोव्हेंबर. संपला विषय." विषय खरोखर संपायला हवा होता. मोरोपंत तांब्यांची मनू, काशीला जन्म, वाक्यं पाचच्या पाच तयार. पण मला खात्री करून घ्यायची खोड आहे. एका ठिकाणी जन्मसाल १८२८ मिळालं, दुसऱ्या ठिकाणी १८३५. मी हे बोललो मात्र, आप्पांनी कपाटातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. ते सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि चष्मा सापडेपर्यंत आणखी दहा. सत्तावन्न साली राणी एकोणतीस वर्षांची होती की बावीसची, यावर ते माझ्याशी असे भांडले, की जणू मीच तिचं वय लपवतोय.

"इंदिराबाईंचाही उद्याच असतो," आई म्हणाली. १९१७, अलाहाबाद. हे मात्र सगळीकडे एकच होतं. मला हायसं वाटलं, पण आईला तेवढ्यावर थांबवेना. "आणीबाणीत लोकल कशा वेळेवर धावायच्या!" आप्पांनी पुस्तक मिटलं आणि न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. आमच्या घरातली आणीबाणी अजून उठलेली नाही.

चिमी एव्हाना जमिनीवर पालथी पडून वहीच्या कोपऱ्यात मांजर काढत होती. तिला रस वाटावा म्हणून मी १९६९ वर गेलो. माझी खरी आवड ती. एकाच तारखेला पेलेनं माराकाना मैदानावर आपला हजारावा गोल मारला, आणि अपोलो १२ चे दोघं चंद्रावर उतरले. त्यातल्या ॲलन बीननं रंगीत टीव्ही कॅमेरा हलवताना चुकून थेट सूर्याकडे धरला आणि कॅमेरा कायमचा गेला. चंद्रावरचं चित्र तिथेच बंद.

"हे घे की पुरुष दिनाला," आतून आवाज आला.

मी ऐकून न ऐकल्यासारखं करून अमेरिकेत, लिंकनच्या गाजलेल्या भाषणाला, गेटिसबर्गला गेलो. १९ नोव्हेंबर १८६३. एडवर्ड एव्हरेट तिथे दोन तास बोलले, त्यांच्यानंतर लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते लिंकन.

"किती वाक्यं होती त्याला?" चिमीनं मान वर केली.

"दहा."

"मला पाचच आहेत," ती म्हणाली आणि मांजराला मिशा काढू लागली.

मग आप्पा गॅलरीतून परत येत म्हणाले, "२०२३ ची फायनलही त्याच दिवशी होती ना?"

घर चिडीचूप झालं. ओळीनं दहा सामने जिंकून आपण अहमदाबादला पोचलो होतो. मी सकाळपासून सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात पाय हलवल्याशिवाय बसलो होतो, कारण तो कोपरा लाभत होता. रोहित ४७ वर खेळत होता. माणूस किती वेळ धरून ठेवणार? मी दोन मिनिटांसाठी उठलो. कडी लावतोय तोच बाहेर आप्पांचा "अरे!" ऐकू आला. हेडनं मागे धावत जाऊन तो झेल घेतला, मॅक्सवेलच्या चेंडूवर. पुढे त्याच हेडनं १३७ केले. पण आमच्या घरात वर्ल्डकप ऑस्ट्रेलियानं जिंकला असं कुणी म्हणत नाही. मी संडासला गेलो म्हणून तो गेला, असंच म्हणतात.

"मिळालं," चिमी म्हणाली आणि वही मिटून झोपायला गेली.

सकाळी साडेसहाला पुरुष दिन उजाडला. आमच्याकडे माणसं पाच आणि दार एकच. मी आत होतो. बाहेर आप्पा येरझाऱ्या घालत होते, आणि दाराला टेकून चिमी पाठ करत होती. "आज जागतिक शौचालय दिन आहे. जॅक सिम यांनी २००१ मध्ये संघटना स्थापन केली. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली. शौचालय ही प्रत्येकाची गरज आहे." मग थोडी शांतता. "बाबा, पाचवं काय घेऊ?"

"स्वच्छता राखा," मी आतून म्हणालो.

संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली छान झालं. मॅडम हसल्या. मुख्याध्यापिकाबाईपण हसल्या. सगळी शाळा हसली.

"स्वच्छता राखा, याला हसण्यासारखं काय आहे?"

"ते विसरले मी. मग सांगितलं, माझे बाबा एकदा शौचालयात गेले आणि भारत फायनल हरला."

त्या रात्री पावणेदहाला फोन वाजला. ओवीचे बाबा होते. आवाज दबलेला, मागे भांड्यांचा खडखडाट. "अहो, उद्या आमच्या ओवीचा नंबर आहे. २० नोव्हेंबरला काय असतं?"

"संयुक्त राष्ट्रांचा बालदिन."

"बालदिन तर चौदालाच झाला ना?"

"तो आपला," मी म्हणालो. "बसा. घरात वडीलधारं कुणी जागं आहे का, ते आधी बघा."